वाचलं की रिकामं

शीतगृहाचा पंखा कधीकधी बंदच होत नाही,
म्हणून रात्री पावणेतीनला, अंबडच्या शेडमध्ये,
मी बोर्डाला मध्येच थांबवलं.
तो बोलत होता:
"खोली तीन, दार उघ"
आणि तिथेच राहिला.

बाहेर निफाडकडून आलेली थंडी.
पिंपळगावला सोमवारी बसवायचा आहे हा,
द्राक्षं काही माझ्यासाठी थांबणार नाहीत.
वॉचमन बोडकेकाकांना आधीच सांगून ठेवलं होतं,
काहीही झालं तरी दार वाजवू नका,
तंद्री मोडते.

डीबगरमध्ये कुणी हाक मारत नाही.
घंटा काढून ठेवलेल्या असतात.
पोर्टला आपणच विचारायचं,
आलं का अक्षर? नाही.
आलं का? नाही.
वणीच्या एसटीत मी आईला विचारायचे, आली का वणी,
दिंडोरीही आलेली नसायची,
तसं, पण सेकंदाला लाख वेळा
आणि कुणी चापट मारत नाही.

पाच अक्षरं टाइप केली, पोचली तीन.
पुन्हा केली. पोचली दोन, तीही वेगळीच.
केबल बदलली.
वेग उतरवत उतरवत नऊ हजार सहाशेवर आणला.
अर्थिंगला शिव्या दिल्या, एमआयडीसीच्या विजेला दिल्या,
मग खुर्चीत मागे रेलून कबूल केलं
की केबल बिचारी निर्दोष आहे.

पोर्टला एकच खिडकी.
खिडकीत एका वेळी एक अक्षर,
आणि जो वाचेल त्याचं ते,
वाचलं की रिकामं.
मी विचारत होते एका कोअरवरून,
दुसरा कोअर जागाच होता.
अक्षर आलं की त्याला इंटरप्ट जायचा,
तो इमानदारीत उठायचा, अक्षर उचलायचा
आणि झोपलेल्या प्रोग्रामच्या उशाशी नेऊन ठेवायचा.
चोर नव्हता तो. नोकरी करत होता.

मग मास्कमध्ये शून्य लिहिलं.
लगेच नाही: आधी बाहेर जाणारं शेवटचं अक्षर
तारेवरून पूर्ण जाऊ दिलं, मग.
पाचच्या पाच अक्षरं आली.
मी एकटीच टेबलावर थाप मारली.

बाहेर पडताना मास्कमध्ये एक लिहिलं.
एक म्हणजे, फक्त येणाऱ्याची वर्दी दे.
बोर्ड सुरू झाला, माझं ऐकू लागला,
पण स्वतः बोलेना.
"दार उघ" तसंच.

टिळेसर सातपूरला असताना म्हणायचे,
दुसऱ्याच्या खोलीत दिवा बंद केलास तर जाताना लाव.
आणि थोडं थांबून,
पण आधी लागलेला होता का, ते बघितलंस का?
मी नव्हतं बघितलं.
पाठवण्याची वर्दीही चालू होती आधी,
कुणीतरी अर्ध्या वाक्यावर तिची वाट बघत होतं,
आणि मी आपलं मला आठवेल तेवढंच परत ठेवलं.

जुना मास्क जपून ठेवला, शून्य केलं,
काम झालं, जुना जसाच्या तसा परत.
तीन ओळी. पाच वाजून दहा मिनिटं.
पडद्यावर, जणू मध्ये काही झालंच नव्हतं:
"डं आहे."

हसत मी शेडचं दार उघडलं.
बोडकेकाका पायरीवर, मफलर कानाला,
थर्मासमधला चहा कोमट.
"दोन वाजल्यापासून सांगायचं होतं, मॅडम,
तुमच्या गाडीचे दिवे चालूच राहिलेत.
पण तुम्ही म्हणालात, वाजवू नका."
आत्ता दिवे विझलेले होते,
आपोआप.

आम्ही गाडी ढकलली गरवारेच्या दिशेने,
मी स्टिअरिंग धरून, एक पाय रस्त्यावर,
मागून काका, त्यांचा श्वास पांढरा.
दोनदा गचके खाऊन बंद पडली.
"सापडलं का मग रात्रभरात?" त्यांनी धापा टाकत विचारलं.
पंखा का थांबत नाही, ते नाही सापडलं, काका.
आता त्याला विचारता येईल, एवढं झालंय.
"बरं," ते म्हणाले,
"टाका दुसरा गिअर."